'आधी सवयी सुधारा, मग या' म्हणणाऱ्या सगळ्या डॉक्टरांना आणि थेरपिस्टना खुलं पत्र

नमस्कार डॉक्टर,

मी स्वतः पेशंट नाही, पेशंटची धाकटी बहीण आहे. माझ्या ताईला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, म्हणजे भावना फार जोरात उसळतात, लवकर आवरत नाहीत आणि नाती व वागणं त्यात फरफटतं असा मानसिक आजार. निदान होऊन 11 वर्षं झाली. गेल्या महिन्यात तिची थेरपी बंद करण्यात आली. बंद करताना जो कागद हातात दिला त्यावर लिहिलंय, 'पेशंट सहकार्य करत नाही. सिगारेट, झोप व आहार याबाबतच्या सूचना पाळलेल्या नाहीत. सवयी सुधारल्यावर पुन्हा यावे.' खाली सही, शिक्का.

तो कागद ताईने घडी घालून उशीखाली ठेवला होता. चादर बदलताना मला सापडला. तोपर्यंत मला वाटत होतं सेशन चालू आहेत, कारण ती ठरल्या वेळी तयार होऊन घराबाहेर पडत होती, दोन तास कुठेतरी बसून परत येत होती.

ज्यांनी हे लिहिलं त्यांचं नाव मी इथे घेणार नाही, त्या एका माणसाशी माझं भांडण नाहीये. हेच वाक्य थोड्याफार फरकाने आम्ही कितीतरी केबिनमध्ये ऐकलंय. मानसोपचारवाले म्हणतात आधी सिगारेट सोडा, वजन उतरवा, रुटीन लावा, मग मनाचं बघू. शुगर-बीपीवाले म्हणतात आधी तुमचं ते मनाचं नीट करून घ्या, तोवर आमच्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. आणि मधल्या पॅसेजमध्ये माझी ताई, दोन्ही फायली पोटाशी धरून.

मला सांगायचंय ते एकच, की ज्याला तुम्ही 'वाईट सवयी' म्हणता तो या आजाराचाच भाग आहे आणि त्यावरचा इलाजही आजाराबरोबरच व्हायला हवा. आजारावर इलाज मिळावा म्हणून पेशंटने आधी पास व्हायची परीक्षा नाहीये ती.

एक रात्र सांगते. संध्याकाळी सातला ताईने एका मैत्रिणीला मेसेज केला. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, उत्तर काही आलं नाही. दहापर्यंत ती बरी होती, म्हणजे बरी असल्यासारखी बोलत होती, पण दर दोन मिनिटांनी फोन पालथा करून ठेवायची आणि परत सरळ करायची. बारा वाजता तिच्या खोलीतून येरझाऱ्या घातल्याचा आवाज यायला लागला. दीड वाजता बघते तर बाल्कनीत बसलेली, एक सिगारेट संपायच्या आत तिच्यावरच दुसरी पेटवत होती आणि हात इतका थरथरत होता की टोकाला टोक लागत नव्हतं. मी शेजारी जाऊन बसले. म्हणाली, "छातीत कुणीतरी मूठ आवळतं गं, हे ओढलं की पाच मिनिटं मूठ सैल होते." मग आत जाऊन फ्रिज उघडला, दिवा न लावता, फ्रिजच्याच उजेडात उभ्याउभ्या जे हाताला लागेल ते गार खाल्लं, पोट दुखायला लागेपर्यंत, आणि मग त्याचीच लाज वाटून रडली. झोप लागली पहाटे पाचला. उठली दुपारी एकला, म्हणजे सकाळची गोळी गेलीच. मैत्रिणीचं उत्तर सकाळी आठला येऊन पडलं होतं, 'अगं झोप लागली होती, सॉरी'.

तुमच्या कागदावरच्या तिन्ही गोष्टी या एका रात्रीत आहेत, सिगारेट, झोप, आहार. त्या रात्री तिला सिगारेट वाईट असते हे माहीत नव्हतं असं आहे का? ते तिला माझ्याहून जास्त माहीत आहे. मेसेजला उत्तर आलं नाही ही गोष्ट तुमच्या-माझ्या अंगावर ओरखड्याएवढी उमटते, तिला ती भाजल्यासारखी लागते, आणि भाजलं की माणूस हाताशी असेल त्या पाण्यात हात घालतो, ते पाणी स्वच्छ आहे का हे बघत नाही.

आणि हे मी भावनेच्या भरात बोलत नाहीये, तुमच्याच पुस्तकात आहे. 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक आजारांचं निदान ज्यावरून करतात त्या अमेरिकन पुस्तकात, बॉर्डरलाइनच्या निदानासाठी नऊ निकष दिलेत, त्यातले किमान पाच लागतात. त्यातला एक निकष आहे आवेगाने वागणं, ज्याने स्वतःचंच नुकसान होतं असं, आणि उदाहरणं म्हणून तिथे पैसे उधळणं, नशा, बेफाम गाडी चालवणं, भसाभसा खात सुटणं हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे ज्या लक्षणावरून तुम्ही तिला हा आजार आहे असं ठरवलंत त्याच लक्षणावरून तिला बाहेर काढलंत. तापाच्या पेशंटला 'ताप उतरला की या' असं कुणी लिहून देत नाही.

फक्त बॉर्डरलाइनचंच असं आहे असंही नाही. डीएसएममध्ये एकूण दहा पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहेत आणि प्रत्येकाचा सवयींशी आपापला वेगळा गुंता होऊ शकतो. ज्याला लोक आपल्याला हसतील, नाकारतील ही भीती कायम असते (अव्हॉइडंट), तो माणूस व्यायामाला चारचौघांत जाणार कसा, तो तर रक्ताचा रिपोर्ट आणायलाही उद्या जाऊ म्हणत महिने काढतो. ज्याचा कुणावरच विश्वास बसत नाही त्याला तुम्ही दिलेली गोळीसुद्धा संशयाची वाटते. ज्याला सगळं शंभर टक्के बरोबरच लागतं तो डाएटचा एक दिवस चुकला की अख्खं डाएटच सोडून देतो, नाहीतर काम पुरं करायच्या नादात झोपतच नाही. सगळ्यांना तुम्ही एकच छापील कागद देता, रोज तीस मिनिटं चाला, आठ तास झोपा, फळं-भाज्या खा. कागदात चूक काहीच नाही. पण ज्याच्या हातात तो पडतो त्याच्या आत काय चाललंय याचा त्यात एक शब्द नाही.

आता अभ्यास. मी डॉक्टर नाही, पण 11 वर्षं वेटिंग रूममध्ये बसून माणूस वाचायला शिकतो.

अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये 1990 च्या दशकापासून बॉर्डरलाइनच्या पेशंटचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा एक अभ्यास आहे. त्यातून 2004 मध्ये फ्रँकेनबर्ग आणि झानारिनी यांनी एक तुलना छापली, ज्यांची लक्षणं ओसरली होती असे 200 पेशंट आणि ज्यांची ओसरली नव्हती असे 64. ज्यांचा आजार चालूच होता त्यांच्यात लठ्ठपणा, डायबेटिस, हाय बीपी, पाठदुखी, सांधेदुखी हे जास्त सापडलं आणि दिवसाला पाकीटभर सिगारेट, रोज दारू, व्यायामाचा अभाव, झोपेच्या गोळ्या रोज घेणं, वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर हेही त्यांच्यातच जास्त. कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे अशा तुलनेतून ठरत नाही हे मला कळतं. पण आजार आणि सवयी एकमेकांचा हात धरून चालतात एवढं त्यातून दिसतं, आणि हे छापून आता वीस वर्षं उलटून गेली तरी आमच्या दोन फायली एका टेबलावर आल्या नाहीत.

त्याच अभ्यासाचा 24 वर्षांचा हिशोब 2019 मध्ये आला. बॉर्डरलाइनच्या पेशंटपैकी आत्महत्येने गेलेले 5.9 टक्के. बाकीच्या कारणांनी गेलेले 14 टक्के. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खूप वेळ नुसती बसून होते, कारण आमचं अख्खं घर 11 वर्षं एकाच भीतीत जगलं, ब्लेड लपवा, गोळ्यांचा डबा कुलपात ठेवा, रात्री दार आतून लावू देऊ नका. आणि या सगळ्यात तिचं हृदय, तिची शुगर, तिची फुप्फुसं याकडे कुणी बघतच नव्हतं, आम्हीही नाही. ही चूक आमचीही आहे, ती मी इथे मान्य करते. पण आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. 2012 मध्ये दक्षिण लंडनच्या मानसिक आरोग्य सेवेतल्या पर्सनॅलिटी डिसऑर्डरच्या पेशंटचं अपेक्षित आयुर्मान काढलं होतं, बायकांचं 63.3 वर्षं, पुरुषांचं 59.1. सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा साधारण 18 वर्षं कमी. 18 वर्षं म्हणजे एक मूल जन्माला येऊन सज्ञान होतं तेवढा काळ.

झोपेचं तर मला फारच लागतं, कारण झोपेवरून तिला सगळ्यात जास्त बोलणी बसलीत. 2007 च्या एका प्रयोगात धडधाकट तरुण मुलांना साधारण 35 तास जागं ठेवलं आणि मग त्यांना त्रासदायक चित्रं दाखवली, तर मेंदूतला अमिग्डाला, जिथे भीती आणि धोक्याची घंटा वाजते, तो झोप झालेल्यांपेक्षा 60 टक्क्यांहून जास्त पेटला. हे ज्यांना काहीही आजार नव्हता त्यांचं झालं. मग जिची ती घंटा मुळातच हलक्या वाऱ्याने वाजते तिचं रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी काय होत असेल? भावना उसळली म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून भावना आणखी उसळली, त्यावर सिगारेट, निकोटीन काही तासांत उतरलं की पुन्हा चिडचिड, त्यावर पुन्हा सिगारेट. या चक्रात कुठूनही हात घातला तरी चालेल, झोपेकडून घाला, सिगारेटकडून घाला, भावनेकडून घाला, पण कुणीतरी घाला ना. बाहेर उभं राहून चक्र थांबलं की बोलवा म्हणणं याला इलाज म्हणत नाहीत.

आता तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी. दीड वर्षापूर्वी ताईला सारखी तहान लागायची, थकवा यायचा, पायाला मुंग्या यायच्या. तीन ठिकाणी दाखवलं. तिन्ही ठिकाणी फाइलच्या पहिल्या पानावरचं निदान वाचलं गेलं आणि मग समोरच्याचा चेहराच बदलला. हे मी प्रत्यक्ष बघितलंय, पेन खाली ठेवतात, खुर्चीत मागे रेलतात आणि आवाज समजावणीचा होतो. एंझायटी आहे, जास्त विचार करू नका. चौथ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरने फाइल उघडायच्या आधी बोटाला सुई टोचली. शुगर 312. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट (एचबीए1सी) 10.4 आला, म्हणजे डायबेटिस. आधीच्या तीन ठिकाणी ती सुई अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

दुसरी तक्रार औषधांची. रात्री शांत झोप लागावी, चिडचिड कमी व्हावी म्हणून तिला ओलान्झापिन हे मानसिक आजारावरचं औषध दिलं. आठ महिन्यांत 14 किलो वजन वाढलं. या औषधाने भूक आणि वजन वाढतं, शुगर वाढू शकते हे तुम्हाला माहीत असतं, आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही, दर तीन महिन्यांनी वजन, कंबर, शुगर, कोलेस्टेरॉल बघायचं कुणी लिहून दिलं नाही, आणि वर त्याच वजनाबद्दल तिला ऐकवलं, तोंडावर ताबा ठेवा. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर बॉर्डरलाइनसाठी किंवा त्याच्या एकेका लक्षणासाठी म्हणून औषधं वापरू नयेत, मुख्य इलाज थेरपी आहे असं म्हटलंय. मी औषधांच्या विरोधात नाही, ताईला काही काळ त्यांचा आधार वाटला हेही खरंय. पण औषध देताना वजनाची जबाबदारी पण घ्या ना.

आणखी एक, हे तर धोक्याचं आहे. सिगारेटच्या धुरामुळे ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातं, म्हणून ओढणं एकदम सोडलं तर त्याच डोसला रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. 'सिगारेट सोडा' हे तिला अगणित वेळा सांगितलं गेलं, पण सोडायला लागशील तेव्हा मला फोन कर, डोस बघावा लागेल, हे एकदाही नाही.

तिसरी, लेबल. 1988 मध्ये लुईस आणि ॲपलबी या संशोधकांनी मानसोपचारतज्ज्ञांना काल्पनिक पेशंटची माहिती वाचायला दिली होती, ज्याच्यावर पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं आधीचं निदान लिहिलेलं होतं तो पेशंट त्यांना जास्त त्रासदायक, लक्ष वेधून घेणारा आणि मदतीला कमी पात्र वाटला. 1988 चं हे आहे आणि आम्हाला ते अजून रोज भेटतं. 'नाटक करते', 'मॅनिप्युलेट करते', 'हिला इच्छाच नाही'. इच्छा नसती तर थेरपी बंद झाल्यावरही ती तयार होऊन घराबाहेर पडली असती का?

चौथी म्हणजे सुधारणा कुणी मोजतच नाही. ताई दिवसाला 20 वरून 12 सिगारेटवर आली होती. कागदावर काय आलं, सूचना पाळलेल्या नाहीत.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल आमच्याकडे वेळ कुठे आहे, एकेका पेशंटला दहा मिनिटं मिळतात, आणि असे पेशंट अपॉइंटमेंट चुकवतात, रागावतात, रात्री-अपरात्री फोन करतात. खरंय. मी तिच्यासोबत राहते, मला ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, मीही थकलेय, मीही तिच्यावर ओरडलेय आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडलेय. तुमचं काम सोपं नाही हे मनापासून मान्य आहे. पण हे होऊ शकतं हेही तुमच्याच क्षेत्राने दाखवलंय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहॅन यांनी बॉर्डरलाइनच्या पेशंटसाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही थेरपी उभी केली, तिचा पहिला मोठा प्रयोग 1991 मध्ये छापला गेला, आणि तरुणपणी आपण स्वतः याच अंधारातून गेलो होतो हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्या थेरपीत भावना आवरण्याच्या धड्यातच शरीराच्या पाच गोष्टी घातल्यात, दुखण्यावर वेळेत इलाज, नीट खाणं, नशेपासून लांब राहणं, झोप, व्यायाम. थेरपीत येण्यासाठीची अट म्हणून ठेवलेल्या नाहीत, थेरपीत बसून शिकायच्या म्हणून ठेवल्यात. आणि माणसं बरी होतात. मॅक्लीनच्या त्याच अभ्यासात दहा वर्षांत 93 टक्के पेशंटची लक्षणं किमान दोन वर्षं टिकेल इतकी ओसरली होती. सिगारेटबद्दलही तेच, 2014 मध्ये 26 अभ्यास एकत्र करून बघितलं तर ज्यांनी सोडली त्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झालेला दिसला, मानसिक आजार असलेल्यांमध्येही. म्हणजे 'हिचा एकमेव आधार काढू नका' म्हणून गप्प बसणारे डॉक्टर पण चुकतात, सोडायला मदत केली तर मनालाही बरं वाटतं. फक्त मदत करायची असते, फर्मान काढायचं नसतं.

तर मागण्या अशा आहेत.

सवयींच्या कारणावरून कुणाचीही थेरपी बंद करू नका. बंद करायचीच वेळ आली तर पेशंटला दुसऱ्या कुणाच्या तरी हातात सोपवा, तारीख, वेळ, नाव लिहून, नुसतं 'पुन्हा यावे' नको.

पर्सनॅलिटी डिसऑर्डरच्या प्रत्येक पेशंटचं वजन, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल किमान वर्षातून एकदा तपासा, आणि वजन वाढवणारी औषधं चालू असतील तर त्याहून जास्त वेळा, सुरुवातीच्या महिन्यांत तर नक्कीच. मन बघणारे आणि शरीर बघणारे डॉक्टर एकमेकांना एक ओळ तरी लिहा, निरोप्याचं काम आजारी माणसाकडून करून घेऊ नका.

शरीराची तक्रार घेऊन कुणी आलं तर आधी तपासा, मग फाइल वाचा.

सिगारेट, दारू सोडायची तर त्यासाठी निकोटीनचे पॅच-च्युइंगगम, समुपदेशन, औषधं जे जे इतर पेशंटना सांगता ते सगळं यांनाही सांगा, आणि रात्री दीड वाजता मूठ आवळली गेली तर सिगारेटऐवजी काय करायचं हे सेशनमध्ये बसून शिकवा, प्रॅक्टिस करून घ्या. एका वेळी एकच सवय धरा. चुकलं तर परत येता येईल हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

'सहकार्य करत नाही' हे शब्द लिहायच्या आधी पेशंटला विचारा की काय जमलं नाही आणि का, आणि ते उत्तर त्याच कागदावर तिच्या शब्दांत लिहा. घरच्यांनाही थोडं शिकवा. मला 11 वर्षांत कुणी समोर बसवून सांगितलं नाही की अशा रात्री मी काय बोलायचं आणि काय नाही.

हे पत्र टाकायच्या आधी ताईला वाचायला दिलं, तिच्या परवानगीशिवाय टाकणार नव्हते. तिने दोन ठिकाणी मी लिहिलेला 'बिचारी' हा शब्द खोडला. फ्रिजचा प्रसंग राहू दे म्हणाली. आणि शेवटी तिची स्वतःची एक मागणी घालायला सांगितली, ती तिच्याच शब्दांत देते: "वजनकाट्यावर उभं करायच्या आधी मला विचारा, आणि आकडा मोठ्याने वाचू नका."

तिची पुढची शुगरची तपासणी 14 तारखेला आहे. नवीन थेरपिस्ट आम्ही शोधतोय.

आपली,
एका पेशंटची धाकटी बहीण